निळा गेला कुठे?

पडद्याचा रंग बिघडला की दुकानदार थेट नवा मॉनिटर केवढ्याला पडेल ते विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: कोणता रंग गेलाय? पडद्यावर मुळात तीनच रंग असतात, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही पूर्ण ताकदीने आले की पांढरं दिसतं. निळा गळाला तर पांढरं पिवळं होतं, हिरवा गळाला तर गुलाबी-जांभळं, लाल गळाला तर आकाशी. काय हरवलंय ते बिघाडच सांगत असतो. त्याकडे न बघता सामान बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

ऐन लग्नसराईत पारोळ्याच्या एका फ्लेक्सच्या दुकानातून फोन आला, "भाऊ, समदं पिवयं दिखी ऱ्हायनं." जाऊन पाहिलं तर कोडं आणखी मोठं होतं. पडद्यावर नवरा-नवरी पिवळे आणि छापून आलेल्या बॅनरवर तेच चेहरे निळसर. त्यामुळे सगळा संशय प्रिंटरच्या हेडवर आणि शाईवर.

आधी मॉनिटरचं मेनूचं बटण दाबलं. तो मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. पट्टी छान निळी, अक्षरं पांढरीशुभ्र. म्हणजे पॅनल ठणठणीत. मग स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवला. तिथे पिवळेपणा अजिबात नाही, चेहरे निळसर, अगदी बॅनरवर छापल्यासारखे! छपाईयंत्र बिचारं खरंच बोलत होतं.

विंडोजचं नाइट लाइटही पडदा पिवळसर करतं आणि तेही स्क्रीनशॉटमध्ये उमटत नाही. ते बंदच होतं, तरी खात्रीसाठी पेंटमध्ये शुद्ध निळा चौकोन भरला. नाइट लाइटने निळा मंदावतो, सहसा पुसला जात नाही. इथे चौकोन काळाकुट्ट दिसला.

राहिली केबल. 1987 साली आयबीएमने आणलेलं व्हीजीए आपल्याकडच्या दुकानांत अजून चालतं. पंधरा पिना, तीन ओळी. पहिली पीन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. टोक काढून भिंगाखाली धरलं. नववी पीन नव्हती, पण ती कित्येक केबलींत मुळातच नसते. तेवढ्यावरून चांगली केबल फेकणारे लोक पाहिलेत, वाईट वाटतं. तिसरी पीन मात्र आडवी पडली होती. टोकाचे दोन्ही स्क्रू सैल होते. टेबल सरकवताना ते निसटलं असणार आणि तसंच तिरकं दाबून बसवलं गेलं असणार.

बारीक चिमट्याने पीन मुळाशी धरली आणि थोडी थोडी उभी केली. या कामात घाई नको, मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटतेच. टोक सरळ बसवून दोन्ही स्क्रू हाताने आवळले. संगणक सुरू केला, पांढरं पांढरं दिसू लागलं. (एचडीएमआयवर एकच रंग असा गळणं दुर्मीळ. तिथे काळं राखाडी दिसत असेल तर बहुधा रंगांची रेंज 0 ते 255 ऐवजी 16 ते 235 अशी निवडलेली असते. सेटिंग बदललं की झालं.)

खरं नुकसान फाइलींत होतं. त्या उघडल्या आणि आता पडद्यावरही चेहरे निळे दिसले. चेहरे पिवळे वाटतात म्हणून डिझाइन करणाऱ्या पोराने निळा वाढवला होता. फरक दिसेना, म्हणून आणखी वाढवला. पडद्याला निळा दाखवताच येत नव्हता, फाइलीत मात्र तो साचत गेला आणि फ्लेक्सवर उतरला. पोराची नजर चांगली आहे, त्याला पडद्यानेच फसवलं.

ग्राहकांनी पाठवलेले मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, म्हणून निभावलं. अमळनेरच्या एका पार्टीला बॅनर संध्याकाळपर्यंत हवं होतं. ते पोराने सगळ्यात आधी घेतलं.