गोवरची लस नवव्या महिन्यात का?

मीरा-भाईंदरमध्ये जन्मलेल्या बाळाला बीसीजी जन्मतःच टोचतात. गोवर-रुबेलाची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर. यामागचे कारण कळले की परीक्षेसाठी वेळापत्रक घोकावे लागत नाही.

गर्भात आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. ही निष्क्रिय प्रतिकारशक्ती. आयती, म्हणून काही महिन्यांत ओसरणारी. ती भरात असताना गोवरची लस दिली, तर लशीतला क्षीण केलेला विषाणू वाढण्याआधीच निष्प्रभ होतो आणि बाळाचे शरीर काहीच शिकत नाही. नऊ महिन्यांनंतर लस दिली, की बी आणि टी पेशी त्या विषाणूची स्मृती जपतात. ही सक्रिय प्रतिकारशक्ती. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. बीसीजीची भिस्त मुख्यतः टी पेशींवर असल्याने तिला आईच्या प्रतिपिंडांचा अडसर नाही.

२०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला. तेव्हा नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेल्या भागांत सहाव्या महिन्यापासूनच जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली. नेहमीचे दोन डोस तरीही घ्यायचेच होते.

सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले, तर लशीच्या वयाआधीची तान्ही बाळेही सुरक्षित राहतात. हीच सामूहिक प्रतिकारशक्ती.