फाल्गुनातला राजूर घाट

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की राजूर घाट लागतो. फाल्गुनात अजिंठ्याच्या या रांगेत पळस पेटलेला असतो, साग मात्र उघडाबोडका. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी वाचवायला झाड पानंच गाळतं. चढणाऱ्याच्या डोक्यावर मग सावली उरत नाही आणि मुरमावरच्या वाळक्या पानांवरून उतरताना पाय सटकतो.

त्याहून फसवा असतो घाम. हवा इतकी कोरडी, की तो दिसण्याआधीच उडून जातो. अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहावं. काळा बेसॉल्ट तापण्याआधी, दहाच्या आत परतावं. पण अगदी अंधारातही निघू नये: मोहाची फुलं गळू लागली की पहाटे मोहाच्या झाडांखाली अस्वलं येतात. ज्ञानगंगा अभयारण्यात तर वनखात्याला विचारूनच जावं.