मेणवलीचा वाडा आणि डंगनच्या भिंती

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरीचे देऊळ आहे. पायऱ्या चढून वर गेले की देऊळ कमी आणि किल्ला अधिक वाटावा अशी त्याची बांधणी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर तो फेडला, ही कथा इथल्या यात्रेकरूंना पाठ असते. त्याच मोहिमेत मराठी फौजांनी पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा उतरवल्या आणि त्या महाराष्ट्रभर पांगल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेली, एक भीमाशंकरला. आणखी एक वाईपासून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवली गावी कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. मेणेश्वराला नमस्कार करून भाविक ती घंटा वाजवतात. मेरीला काय वाटत असेल, हा प्रश्न गेल्या अडीचशे वर्षांत कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

या घंटेच्या मागे एक वाडा उभा आहे. नाना फडणिसांचा. पेशवाईतले वाडे किती उरले, याचा हिशेब मांडायला बसले तर मन खिन्न होते. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, आता त्याचा तट आणि जोती पाहायची. बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. सरदारांचे वाडे कुठे बोळात दडले, कुठे त्यांच्या जागी चाळी आणि दुकाने आली. मेणवलीचा वाडा मात्र सहा चौकांसह शाबूत आहे. तो का राहिला? चुना उत्तम होता, सागवान जातिवंत होते, हे खरेच. पण चुना आणि सागवान शनिवारवाड्यालाही कमी नव्हते.

नानांचे घराणे भानूंचे, मूळ गाव कोकणातले वेळास. बाणकोटच्या खाडीजवळचे हे गाव आज समुद्री कासवांच्या पिल्लांमुळे वर्तमानपत्रांत येते. एके काळी ते फडणिसांचे गाव म्हणून ओळखले जाई. शेजारच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर नशीब काढायला निघाले, तेव्हा भानू मंडळीही त्यांच्याबरोबर निघाली. भटांना पेशवाई मिळाली, भानूंना फडणिशी. बाळाजी जनार्दन, म्हणजे आपले नाना, १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मले. वडील वारले तेव्हा चौदाव्या वर्षी फडाचे काम अंगावर पडले. १७६१ मध्ये ते पानिपतावर होते. आई त्या धामधुमीत गेली, आणि हा हडकुळा तरुण जीव मुठीत धरून परतला. कागद आणि हिशेब यांच्यावर त्यांचा पुढे जो जन्मभर विश्वास राहिला, तलवारीवर कधी राहिला नाही, त्याचे मूळ पानिपतात शोधायला हरकत नाही.

मेणवली त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळाले, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. नानांनी तिथे घाट बांधला, मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ बांधले, आणि घाटाच्या वर वाडा. बाहेरून पाहिले तर जाड, उंच, जवळजवळ आंधळ्या भिंती. आत शिरले की एकामागून एक चौक उघडत जातात, ऊन आणि सावली आळीपाळीने लागते. काही भिंतींवर जुन्या रंगांतली चित्रे आहेत. राज्याचे सारे धागे ज्याच्या हातात, त्याचे हे गावाकडचे घर. दिमाख दाखवण्याची हौस इथे कमी आणि आडोसा घेण्याची सोय जास्त, असे मला तरी वाटते. आशुतोष गोवारीकरांनी २००४ च्या ‘स्वदेस’साठी हा परिसर निवडला तेव्हा साऱ्या देशाने तो पडद्यावर पाहिला, पाहणाऱ्यांतल्या किती जणांना तो नानांचा, हे ठाऊक होते कोण जाणे.

पुण्यात शनिवारवाड्याजवळ नानांचा दुसरा वाडा. बेलबागेत विष्णूचे देऊळ. लोहगडावर मोठे तळे आणि बाव. आणि लोहगडावरच, लोक म्हणत, नानांचा खजिना. सगळे होते, फक्त वारस नव्हता. नानांनी नऊ लग्ने केली. मुले जगली नाहीत. १३ मार्च १८०० रोजी ते पुण्यात वारले, तेव्हा मागे राहिली ती कोवळ्या वयाची विधवा. तिचे नाव जिऊबाई.

दुसऱ्या बाजीरावाला नानांचा धाक संपला होता आणि नानांच्या पैशाची ओढ लागली होती. मिळकत जप्त होऊ लागली. या पोरीचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. पण नानांनी आयुष्यभर माणसे पारखली होती आणि त्यांतला एक माणूस मेल्यावरही उपयोगी पडला. लोहगडाचा किल्लेदार धोंडोपंत. मालक गेला, पगाराची हमी गेली, पेशवा उलटला, तरी त्याने बाईंना गडावर आसरा दिला आणि दरवाजे लावून घेतले. पेशव्याने गड मागितला, त्याने दिला नाही.

इथे वसई पुन्हा गोष्टीत येते. यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईत इंग्रजांशी तह केला. ज्या वसईच्या विजयातून मेणवलीची घंटा आली, त्याच वसईत मराठी राज्य गहाण पडले. मधे एका माणसाचे आयुष्य मावेल एवढेच अंतर. त्या तहाच्या जोरावर एप्रिल १८०३ मध्ये इंग्रजांची फौज पुण्यात आली. सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय चौतिसाच्या आत. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला ज्याने नेपोलियनला हरवले, तो हाच.

पेशव्याला लोहगड हवा होता. वेलस्लीने मध्यस्थी केली. ठरले ते असे, की धोंडोपंताने गड सोडून ठाण्याला राहावे. नानांच्या विधवेने पनवेलला इंग्रजांच्या संरक्षणाखाली राहावे आणि तिला वर्षाला १२ हजार रुपये तनखा मिळावा. एका मुलीसाठी सरकारी करार झाला. १८०४ मध्ये वेलस्लीने तिची भेट घेतली आणि पत्रात लिहिले की ही गोरी, देखणी मुलगी खरोखरच तहाचा विषय व्हावी अशी आहे. सैनिकी विनोदच म्हणायचा. त्याच सुमारास लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा एक हौशी प्रवासी इकडे आला होता. त्यानेही आपल्या प्रवासवर्णनात तिच्या रूपाचे कौतुक केले. तिला काय वाटत होते, हे त्या दोघांनीही विचारलेले दिसत नाही.

आता हा वेलस्ली कोण, हेही पाहायला हवे, कारण त्याच्या घरची गोष्ट मेणवलीच्या गोष्टीशेजारी ठेवण्याजोगी आहे. आपण त्याला सरसकट इंग्रज म्हणतो. तो आयर्लंडमधल्या जमीनदार घराण्यातला. मीथ परगण्यात ट्रिम गावाजवळ डंगन नावाची त्यांची जहागीर. घराण्यात दत्तकासारखाच प्रकार झालेला. गॅरेट वेस्ली नावाच्या मूळ मालकाला मूल नव्हते. त्याने १७२८ मध्ये सारी इस्टेट रिचर्ड कॉली या नातलगाला दिली, अट एकच, की आडनाव वेस्ली लावायचे. कॉली वेस्ली झाला, पुढे लॉर्ड मॉर्निंग्टन झाला. हाच आर्थरचा आजोबा. डंगनला त्याने कालवे खणले, त्यांत होड्या सोडल्या, बागेत पुतळे आणि उंच स्तंभ उभारले, एक छोटा किल्ला करून त्यावर तोफा ठेवल्या. पाहुण्यांना तोंडात बोट घालायला लावील असा थाट.

त्याच्या मुलाला संगीताचे वेड. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो संगीताचा प्राध्यापक होता. गोड माणूस, पण पैशाचा हिशेब त्याच्याजवळ नव्हता. १७८१ मध्ये तो गेला तेव्हा कर्ज मागे राहिले. थोरल्या रिचर्डला राजकारणासाठी पैसा हवा होता आणि लंडनची ओढ होती. त्याने १७९३ मध्ये डंगन विकून टाकले, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या बरोज नावाच्या अधिकाऱ्याला. हाच रिचर्ड १७९८ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. घराण्याचे आडनावही एव्हाना वेस्लीचे वेलस्ली केले होते, ते जरा भारदस्त वाटते म्हणून. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याला मार्क्विस केले, पण आयरिश उमरावांच्या यादीत. त्यावर तो इतका चिडला की आपल्याला दुप्पट मुलामा दिलेला बटाटा मिळाला, असे म्हणाला.

म्हणजे लोहगडाखाली नानांच्या बायकोच्या घराची वाटाघाट करणाऱ्या या सेनापतीचे स्वतःचे वडिलोपार्जित घर दहा वर्षांपूर्वीच विकले गेले होते. डंगन पुढे रॉजर ओ’कॉनर नावाच्या बंडखोर आयरिश माणसाने भाड्याने घेतले. नेपोलियन आयर्लंडात उतरला तर त्याचे स्वागत करायला योग्य घर हवे, असे तो म्हणे, अशी दंतकथा आहे. १८०९ मध्ये वाड्याला आग लागली. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती आहेत, कुरण आहे आणि त्या जुन्या थाटातले दोन स्तंभ. ट्रिमच्या लोकांनी १८१७ मध्ये गावात ड्यूकचा उंच स्तंभ उभारला. त्याच वर्षी ब्रिटिश जनतेच्या पैशातून त्याला इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफील्ड सेची इस्टेट घेऊन दिली गेली. त्याचे वंशज तिकडचे; डंगनकडे परत कोणी फिरकले नाही.

दोन्ही जमीनदाऱ्यांत एक फरक होता आणि तो लहान नाही. मेणवलीच्या इनामदाराचा हक्क मुख्यतः सरकारी साऱ्यावर. मिरासदार कुणब्याची जमीन मिरासदाराचीच राहत असे. आयर्लंडात जमीनच मालकाची, आणि बहुतेक रयत खंड भरणारे कूळ, खंड थकला की रस्त्यावर. शिवाय मालक प्रॉटेस्टंट, कुळे कॅथलिक. त्यामुळे १९१९ ते १९२३ च्या धामधुमीत तिकडे जमीनदारांची अडीचशेहून अधिक मोठी घरे जाळली गेली. आपल्याकडे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यात किती वाडे पेटले, ते जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आणि ज्यांची घरे जळाली त्यांतले अनेक जण गाव सोडून गेले. कुळांनी पिढ्यान् पिढ्या काय सोसले, हे कोकणातल्या खोतीखाली राबलेल्यांच्या नातवंडांना विचारावे. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांची वाट पाहणारे घर बहुधा प्रत्येक गावात होते. वाड्याचे कौतुक करताना हा हिशेब खोडता येत नाही. नानांसारख्या हिशेबनिसाच्या वाड्याचे तर नाहीच.

जिऊबाईंकडे परत येऊ. पेशवाई बुडाली, त्या टिकल्या. मेणवली त्यांच्याकडे आली. त्यांनी माधवराव हा मुलगा दत्तक घेतला आणि वाड्यात घराणे पुन्हा नांदू लागले. पुढे त्याच वंशाने वाडा सांभाळला. मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या मिळकती त्या काळात पाण्यासारख्या वाहून गेल्या, आणि एका बालविधवेने हे घर धरून ठेवले. इतिहासात नाना शहाणे म्हणून गाजले. त्यांच्या घरातल्या या शहाणपणाला कोणी बिरूद दिले नाही. किल्लेदाराची इमानदारी, परक्या सेनापतीचा शब्द आणि या बाईंची चिकाटी, या तिन्हींतली एक गोष्ट कमी पडती तर कृष्णेच्या घाटावर आज डंगनसारख्या उघड्या भिंती दिसल्या असत्या.

घर टिकले म्हणून आणखी एक गोष्ट टिकली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. नानांनी आपल्याजवळचे कागद मेणवलीत ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांना ते रुमाल मिळाले. पत्रे, जमाखर्च, वकिलांच्या बातम्या, दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंतच्या. ‘मेणवली दप्तर’ म्हणून ते ओळखले जाते. पारसनिसांनी साताऱ्यात संग्रहालय उभे केले. पुढे तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. उत्तर पेशवाईवर आज जे काही विश्वासाने लिहिता येते, त्यातले कितीतरी या रुमालांतून निघालेले आहे.

कागद मोडीत आहेत. मोडी भराभर वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. पुराभिलेखागाराचे आणि काही संस्थांचे वर्ग चालतात, त्यांतून दरवर्षी थोडी नवी भर पडते. वेळास, पुणे, लोहगड, पनवेल, मेणवली असा ज्यांच्या पूर्वजांचा रस्ता गेला, अशी कोकणातली पुष्कळ घरे आजही जुन्या पेटाऱ्यात मोडी कागद बाळगून आहेत. गणपतीला माळा झाडताना ते हाताला लागतात, आणि कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून पुन्हा बांधून वर जातात.