जॉन मॅकलॉफलिन यांचा ‘शक्ती’ : फ्यूजन संगीताच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :
भिन्न संगीतपरंपरांच्या मीलनातून निर्माण झालेल्या संगीतास ‘फ्यूजन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. अशा संगीताविषयी बहुधा दोन टोकांची मते आढळतात. काहींना ते परंपरेची भेसळ वाटते, तर काहींना केवळ नावीन्यामुळेच ते स्वागतार्ह वाटते. या दोन्ही मतांपलीकडे जाणारा निकष कोणता, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ब्रिटिश जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांच्या ‘शक्ती’ (१९७६) या अल्बमच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी :
‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या वृंदाच्या ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) व ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) या अल्बममुळे मॅकलॉफलिन यांना जॅझ-रॉकच्या क्षेत्रात मोठी कीर्ती लाभली. विद्युत गिटारचा प्रचंड नाद व विलक्षण गती ही त्या संगीताची ओळख होती. याच काळात त्यांनी अमेरिकेत वीणेचे शिक्षण घेतले. पुढे एल. शंकर (व्हायोलिन), मुंबईचे झाकीर हुसेन (तबला), विक्कू विनायकराम (घटम्) व आर. राघवन (मृदंगम्) यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद आकारास आला. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथॅम्प्टन महाविद्यालयात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण या अल्बममध्ये आहे.

सांगीतिक वैशिष्ट्ये :
अल्बममध्ये केवळ तीन रचना असून त्यांपैकी एक सुमारे २९ मिनिटांची आहे. जॅझमधील उत्स्फूर्त वादन सामान्यतः बदलत्या स्वरसंघातांवर आधारलेले असते. येथे मात्र स्थिर षड्ज, रागसदृश स्वरविस्तार व तालचक्र यांना प्राधान्य आहे. शक्तीच्या संगीतासाठी मॅकलॉफलिन यांनी खास गिटार बनवून घेतली. तिच्या पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केल्याने तार ओढून मींड व गमक काढणे सुलभ झाले. मुख्य तारांखेरीज तिला सात अनुनादी तारा होत्या. म्हणजेच भारतीय वाद्ये पाश्चात्त्य चौकटीत बसविण्याऐवजी येथे पाश्चात्त्य वाद्यच बदलले. दुसरी लक्षणीय बाब अशी की, तबला आणि मृदंगम्-घटम् एकत्र आल्याने हा संगम पूर्व-पश्चिमेइतकाच उत्तर-दक्षिणेचाही ठरला.

स्वीकृती :
जॅझ-रॉकच्या श्रोत्यांना विद्युत नादाचा हा त्याग अनपेक्षित होता आणि अल्बमला मिळालेले व्यावसायिक यश मर्यादित राहिले. आणखी दोन अल्बमनंतर हा वृंद थांबला. तथापि १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने त्याचे पुनरुज्जीवन झाले. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत त्याच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण झाले. ‘धिस मोमेंट’ (२०२३) या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन यांचे निधन झाले. हा पुरस्कार नव्या अल्बमचा होता. त्यावरून पहिल्या अल्बमची थोरवी सिद्ध होत नाही. मात्र त्या अल्बमने घालून दिलेली वाट जवळजवळ अर्धशतक टिकली, हे त्यातून निश्चित दिसते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तत्कालीन विक्री किंवा परंपरेची शुद्धता हे दोन्ही निकष फ्यूजनच्या मूल्यमापनास अपुरे पडतात. कोण कोणासाठी किती बदलला आणि त्या बदलामागे किती अभ्यास होता, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ‘शक्ती’चे महत्त्व या प्रश्नाच्या तिने दिलेल्या उत्तरात आहे.