माठाच्या गारव्यात धुतलेला रोल

पहाटे ४:०० चंद्रपुरात मे महिन्यात घरी रोल धुवायचा तर हीच वेळ. दुपारी पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. कृष्णधवल फिल्मची कोष्टकं मात्र २० अंश धरून केलेली. म्हणून डेव्हलपर, हायपो आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या रात्रीच माठाच्या पाण्याने भरलेल्या टबात उभ्या केल्या आहेत. हवा कोरडी, माठ झिरपतो, पाणी गार होतं. थर्मामीटर २६ दाखवतोय. पिशवीत बांधलेला थोडा बर्फ टबात सोडला की २४. एवढं पुरे. नवशिक्याने २० चा हट्ट धरू नये. डेव्हलपर २० चा आणि पुढचं पाणी ३० चं झालं, तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. सगळ्या बाटल्यांचं तापमान एक असणं जास्त महत्त्वाचं.

४:३० न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल कोंबला. "मामा, लाल दिवा लावू का?" भाची विचारते. लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. या फिल्मला लाल उजेडही दिसतो. मिट्ट काळोखच हवा. रोल रिळावर चढवण्याचा सराव तिने वाया गेलेल्या फिल्मवर, आधी उजेडात आणि मग डोळे मिटून केला आहे. बोटं कोरडी हवीत. घामाचा ओलावा लागला की फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकते. अशा काळोखातच सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत, रसायनं कालवत. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांच्या दादरच्या घरातल्या या कष्टांवरही उभा आहे. घरात फिल्म धुणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं नाव घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

५:०० डेव्हलपर डी-७६, कोडॅकचं १९२७ चं सूत्र. ते घरीच कालवता येतं: पाऊण लिटर गरम पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, मग लिटरभर पाणी. मेटॉल आधी, कारण सल्फाइट विरघळल्यावर ते नीट विरघळत नाही. हातमोजे घालायचे, मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते.

रोल इल्फर्डचा एचपी५ प्लस. डेव्हलपर नुसता वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटं, २४ ला पाचेकच. इतक्या थोड्या वेळात डाग राहण्याची भीती असते. निम्मं पाणी घातलं की २० ला ११ मिनिटं आणि २४ ला आठेक. उन्हाळ्यात हाच मार्ग मला भरवशाचा वाटतो. काळोखातच रीळ आत ठेवून झाकण लावलेल्या डेव्हलपिंगच्या टाकीत ३०० मिलिलिटर ओतलं, बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर आपटली. दर मिनिटाला चार वेळा उलटी-सुलटी. मग साधं पाणी. मग हायपो, लिटरला २५० ग्रॅम, दहा मिनिटं.

५:३० धुणं. नळ सोडून ठेवायची गरज नाही, आणि मे महिन्यात ती चैन परवडणारीही नाही. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. शेवटचं पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. इथल्या जड पाण्याचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर उमटतात.

रीळ उघडलं. "मामा, मार्कंडा दिसून राह्यला!" वैनगंगेकाठच्या त्या मंदिरांच्या भिंतींवरच्या मूर्ती, उलट्या छटांत. भर उन्हात सावल्यांसाठी थोडा जास्त प्रकाश दिला होता. सावलीतले चेहरेही उतरले आहेत.

६:०० चिमट्याने फिल्म टांगली. कूलर, पंखा बंद: ओल्या जिलेटिनवर बसलेली धूळ निघत नाही, आणि या शहरात कोळशाची काजळीही असते.

दिवसभर आपापली कामं.

सायंकाळी ७:०० सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापल्या. पाकिटावर फिल्म, तापमान, मिनिटं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. तो मोरीत न ओतता झाकणाच्या डब्यात. गडचिरोलीहून आणखी रोल यायचे आहेत. पावसाळ्याच्या दमट हवेत माठ पाणी फारसं गार करत नाही, तेव्हा बर्फ जास्त लागेल. ते रोल मृगाच्या आत धुवायचे, असं भाचीने वहीत लिहिलं.