पेशींचा स्पर्शबोध
पेशीला डोळे नसले, तरी आपण मऊ जागी आहोत की कठीण, हे तिला कळते. कारण तिच्या आवरणातील इंटेग्रिन नावाची प्रथिने, म्हणजे बाहेरच्या तंतूंना धरणारे जणू आकडे, आतल्या अ‍ॅक्टिन तंतूंच्या सांगाड्याशी जोडलेली असतात आणि हे तंतू आकसून पेशी सभोवताल सतत ओढून पाहते. कठीण पृष्ठभाग दाद देत नाही, ताण वाढतो आणि त्याचा संदेश केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो. अमेरिकेत अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अस्थिमज्जेतील मूलपेशी मेंदूसारख्या मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूपेशींसारख्या, तर त्याहून कठीण जेलवर अस्थिपेशींसारख्या होऊ लागल्या. पोषणद्रव तोच असताना केवळ कठीणपणाने पेशीची वाट बदलावी, हा जीवशास्त्रातील मोलाचा शोध मानला पाहिजे.