घर, शाळा आणि एक किलोमीटर

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण जोडपं आम्हाला भेटलं. मुलगी चार वर्षांची. म्हणाले, “सर, कुपवाडकडे मोठा फ्लॅट बसतो. विश्रामबागेत तेवढ्याच पैशांत एक खोली कमी मिळते, पण शाळा जवळ. काय करावं?” प्रश्न घराचा वाटतो, पण आहे नीतिशास्त्राचा. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी आपला परिसर पाहू. सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन महाविद्यालय काढलं. १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, ज्याला आपण वालचंद म्हणतो. शिक्षणसंस्था आधी आल्या, वस्ती मागाहून दाटली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर नदीपासून दूर म्हणूनही लोकांचा ओढा इकडे वाढला. आता जागेच्या जाहिरातीत ‘शाळा-कॉलेज हाकेच्या अंतरावर’ हे वाक्य असतंच. म्हणजे घराच्या किमतीत शाळेची किंमत मिसळलेली आहे.

अमेरिकेत ही मिसळण अगदी उघड आहे. तिथे सरकारी शाळेचे भौगोलिक जिल्हे असतात. पत्ता ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीची. आणि शाळेचा बराच खर्च त्या भागातल्या घरपट्टीसारख्या करातून निघतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली. एकाच वस्तीतली, पण शाळेच्या हद्दरेषेच्या अलीकडची आणि पलीकडची. शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. शाळा फुकट, पण तिचं तिकीट घराच्या खरेदीखतात!

आपल्याकडे अशी हद्द नाही. खासगी शाळेची फी भरा, कुठूनही या. पिवळी बस दारात येते. मग पत्त्याला काहीच अर्थ नाही का? आहे. पण तो अर्थ गरिबाच्या बाबतीत आहे, ही गंमत लक्षात घ्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी, अल्पसंख्याक संस्था वगळून, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. आणि प्राधान्य अंतरावर: आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत, असा तो बदल होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. बघा, ज्या एका किलोमीटरनं दार उघडतं, त्याच एका किलोमीटरनं ते बंद झालं असतं.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. ते रिक्षा चालवीत, बाई चार घरची कामं करीत. मुलगा सहा वर्षांचा. त्यांना अर्ज भरायचा होता. शाळा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागत होता. बाई आमच्याकडे आल्या. आम्ही म्हटलं, “बघू.” मनात तीच भीती, कागद झाला की भाडेकरू बसतो. खरं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. आम्ही तीस वर्षं वर्गात कांट शिकवला. ‘बघू’ म्हणता म्हणता मुदत संपली. पुढच्या वर्षी करार केला, पण ते प्रवेश फक्त पहिल्या पायरीवर असतात. मुलगा पुढच्या वर्गात गेलेला. बाई एवढंच म्हणाल्या, “राहू दे सर, त्याच्या नशिबात नव्हतं.” नशीब नव्हतं हो ते. आमचा हात होता.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. मुलीनं शाळेत चालत जावं, गल्लीतल्या मुलांबरोबर शिकावं, तिचा रोजचा तास बसमध्ये जाऊ नये, ही इच्छा निर्मळ आहे. ती शेजाऱ्याची पूर्ण झाली म्हणून आपली कमी होत नाही. दुसरी इच्छा असते इतरांच्या पुढे राहण्याची. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये दाखवलं, की अशा वस्तू सगळ्यांना मिळाल्या की त्यांची किंमतच उरत नाही. मिरवणुकीत सगळेच टाचा उंच करून उभे राहिले तर पाय दुखतात, दिसत कुणालाच जास्त नाही. पहिल्या इच्छेसाठी जरूर पैसे मोजा. दुसरीसाठी वीस वर्षांचं कर्ज काढण्याआधी थांबा. मुलगी दहा-बारा वर्षांत शाळेतून बाहेर पडेल, हप्ते चालूच राहतील.

त्या जोडप्याला आमचं सांगणं असं. शाळेचं नाव पाहू नका, शाळेत जाऊन बसा. पाचवीच्या मुलाला धडा वाचायला लावतात की पाठ करायला, ते बघा. शिक्षक दरवर्षी बदलतात का, विचारा. सकाळी शाळेच्या वेळी तो रस्ता स्वतः मुलीचा हात धरून चाला. घराजवळच्या महापालिकेच्या शाळेतही एकदा डोकवा. न बघता नाही म्हणू नका. आणि हप्ता भरून आई-वडिलांना संध्याकाळी मुलीजवळ बसायला वेळ आणि जीव उरेल का, याचा हिशेब आधी करा. ती एक कमी खोली चालेल. ती संध्याकाळ कमी झालेली चालणार नाही.

शेवटी एक आठवण देतो. विलिंग्डन निघालं त्याच १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आपण शाळेजवळ घर शोधतो, अण्णांनी घराजवळ शाळा नेली. सगळ्यांना अण्णा होता येणार नाही. पण ज्यांच्याकडे शाळेजवळ घर आहे आणि एखादी खोली भाड्यानं दिलेली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच करावं: करार नोंदवला आहे का, ते तपासावं. नसेल तर जानेवारीची वाट पाहू नये.